घाटाखालची दुरुस्तीविद्या

सह्याद्रीच्या बोरघाटाच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर त्याच्या लेखणीसमोर प्रथम उभे राहतात ते १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेची कोंडी करणारे शिवाजी महाराज, खोपोलीस घाटाच्या तोंडाशी तलाव बांधणारे नाना फडणवीस आणि सिद्धगडाच्या रानात देह ठेवणारे भाई कोतवाल. आणि ते यथायोग्यच आहे. पण याच मुलखाचा दुसराही एक इतिहास आहे. तो ना बखरीत सापडतो, ना शिलालेखांत. गेली पावणेदोनशे वर्षे या खोऱ्यातून तारा गेल्या, रूळ गेले, विजेच्या वाहिन्या गेल्या आणि अलीकडे काचतंतूच्या वाहिन्याही गेल्या. त्या आणणाऱ्यांची नावे ग्रंथांतून व कोनशिलांवरून वाचावयास मिळतात, परंतु त्या अहोरात्र चालत्या ठेवणाऱ्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटापलीकडे फारशी गेली नाहीत. आज कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या गावांतील मुलेमुली संगणकदुरुस्ती व नेटवर्किंग या विषयांच्या प्रमाणपत्र परीक्षांसाठी हातात पेचकस व मल्टिमीटर घेऊन बसतात, तेव्हा पाहणाऱ्यास वाटते की हा काहीतरी अगदी नवा, पूर्वपीठिका नसलेला उद्योग आहे. तो तसा नाही. त्याची वंशावळ याच घाटाखाली सापडते, आणि ती सांगावी, एवढ्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

इंग्रजी अमदानीत कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता व खालापूर हा त्याचाच एक पेटा होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा मुलूख कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९८१ साली कुलाब्याचे रायगड असे नामांतर झाले. मुंबई आणि पुणे यांच्या मधला हा प्रदेश. जे काही मुंबईहून पुण्यास किंवा दक्षिणेस न्यावयाचे ते याच्याच छातीवरून न्यावे लागे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५० नंतरच्या दशकात मुंबईहून पुण्यावरून मद्रासकडे जाणारी विद्युत्‌तार घाट चढून गेली. या खोऱ्याने पाहिलेले पहिले नेटवर्क हे, असे म्हणावयास हरकत नाही: खांबावरून खांबावर जाणारी एक लोखंडी तार, दोन टोकांस दोन यंत्रे, आणि मध्ये कोठे झाड पडले वा चिनीमातीचा इन्सुलेटर फुटला तर दोन शहरांमधील सर्व संभाषण बंद. तुटलेली जागा शोधत तारेखालून पायी हिंडणारा माणूस हा नेटवर्कदुरुस्तीचा या भागातील आद्यपुरुष होय.

तारेपाठोपाठ आगगाडी आली. १८५६ साली कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग खुला झाला, १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली, आणि मधला घाटाचा टप्पा मात्र पालखी, तट्टू व खटारा यांनीच पार करावा लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला, सदतिसास एक इतक्या चढाचा घाटमार्ग बांधावयास सात वर्षे लागली. १८६१ च्या आरंभी त्या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीच्या साथीने त्यांतील किती जणांस नेले याचा हिशेब कोणी धड ठेवलेला नाही. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडून न देता दोन अनुभवी अभियंत्यांच्या साह्याने काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. घाटातली वाट एका धनगराने दाखविली आणि त्याच्या मोबदल्यात त्यास मृत्यू मिळाला, अशी शिंग्रोबाची दंतकथा या भागात सर्वतोमुखी आहे, आणि जुन्या रस्त्याने घाट चढणारे वाहनचालक आजही त्याच्या देवळापुढे हात जोडतात. ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. परंतु स्थानिकाचे ज्ञान घ्यावे आणि त्याचे नाव मात्र दप्तरी लागू देऊ नये, या व्यवहाराची लोकांच्या मनात खोल रुजलेली आठवण म्हणून मी तिला मोल देतो.

घाट खुला झाला आणि कर्जतला एक कायमचे काम मिळाले. चढावर गाडीस मागून रेटा देण्यासाठी येथे जादा इंजिने जोडावी लागत. इंजिन आले म्हणजे पाण्याची टाकी आली, कोळशाचा ढीग आला, आणि त्यामागून फिटर, खलाशी, सांधेवाला व गँगमन आले. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा प्रथम खलाशी म्हणून भरती होई, अवजारांची पेटी उचली, मिस्त्रीच्या हाताखाली चिंध्यांनी वंगण पुशी, आणि वर्षानुवर्षे पाहून पाहून, एखाद्या दिवशी मिस्त्री आजारी असता, स्वतःच नट सोडवून पाही. त्यास ना पाठ्यपुस्तक होते ना परीक्षा. कान हे त्याचे मुख्य साधन. हातोडीचा हलका ठोका चाकावर मारून येणाऱ्या नादावरून चाकास तडा आहे की नाही हे सांगण्याची विद्या त्याने दुसऱ्याच्या कानाशेजारी आपला कान नेऊन मिळविलेली असे. कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली, १९२८ साली कल्याणास त्यांची शेड उभी राहिली, आणि स्वित्झर्लंडच्या घडणीच्या त्या लांबट, सांधेजोड घडणीच्या मालगाडीच्या इंजिनास रेल्वेच्या कामगारांनी खेकडा हे नाव बहाल केले. परदेशातून आलेल्या यंत्रास आपल्या ओढ्यातल्या प्राण्याचे नाव देणाऱ्या माणसांनी ते यंत्र आत्मसात केले होते, हे त्यातून मला स्पष्ट दिसते.

नेरळचा अध्याय याहून रम्य आहे. सर आदमजी पीरभाय यांच्या द्रव्यबळावर व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने १९०७ साली नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली. तिची चिमुकली वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाईन अँड कॉपेल या कारखान्यात घडलेली. वळणे इतकी तीव्र की इंजिनाचे आस वळणासवे झुकतील अशी खास योजना करावी लागली. पावसाळ्यात ही गाडी बंद राही. चार महिने पाऊस कोसळत असता नेरळच्या शेडमध्ये डागडुजीस उसंत मिळे. आणि शिकाऊ माणसाच्या दृष्टीने यंत्र बंद असण्याचा काळ हाच खरा विद्याभ्यासाचा काळ, कारण चालू यंत्रास कोणी हात लावू देत नाही. उघडलेले, निपचित पडलेले, अंतर्भाग दाखविणारे यंत्र समोर असल्याखेरीज दुरुस्ती शिकता येत नाही, हे तत्त्व आज संगणकाच्या वर्गात जितके खरे आहे तितकेच ते त्या शेडमध्ये होते.

परंतु आजच्या विद्येचा सर्वांत जवळचा पूर्वज शोधावयाचा, तर तो खोपोलीच्या वीजघरात सापडतो. जमशेटजी टाटांच्या हयातीत मूळ धरलेली आणि त्यांच्या पश्चात १९१० साली स्थापन झालेल्या कंपनीने तडीस नेलेली योजना अशी होती की, लोणावळ्याच्या पठारावर वळवण, शिरवटा व लोणावळा येथे तलाव बांधून घाटमाथ्यावरचा अलोट पाऊस साठवावा, तो पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस सोडावा, त्या झोताने चक्रे फिरवावीत, आणि निर्माण झालेली वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांस पोचवावी. १९१५ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते ते वीजघर चालू झाले. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीस आंध्रा खोऱ्यातील पाण्यावर दुसरे उभे राहिले. चक्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी एकीकडे पाताळगंगेस व दुसरीकडे उल्हासेस मिळाले, आणि पुढे त्याच पाण्यावर खालच्या अंगाचे कारखाने व शहरे पोसली गेली. खोऱ्यातील कित्येक वाड्यांत मात्र डोक्यावरून वाहिन्या जात असताना घरात रॉकेलची चिमणीच जळत राहिली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

विजेने दुरुस्तीच्या विद्येत एक मौलिक पालट घडविला. इंजिनाचा दोष डोळ्यांस दिसे, कानास ऐकू येई. विजेचा दोष अदृश्य. वाहिनीवर कोठेतरी बिघाड आहे, पण कित्येक मैलांच्या त्या अंतरात तो कोठे आहे, हे पाहून समजत नाही. तर्काने शोधावे लागते. मग वाहिनीचा एक खंड अलग करावयाचा, उरलेला भाग तपासावयाचा, तो निर्दोष ठरला तर संशय अलग केलेल्या खंडावर, पुन्हा त्याचे दोन भाग, पुन्हा तपासणी, असे करीत दोषास कोंडीत पकडावयाचे. आज नेटवर्किंगच्या विद्यार्थ्यास बिघाडशोधनाचा जो क्रम शिकवितात, म्हणजे आधी तार, मग जोड, मग स्विच, मग पत्ता, एक एक खंड निर्दोष ठरवीत पुढे जाणे, तो या वाहिनीदारांच्या क्रमाहून तत्त्वतः वेगळा नाही. दुसरी गोष्ट शिस्तीची: ज्या वाहिनीवर माणूस काम करीत आहे ती दुसऱ्या कोणी चालू करू नये यासाठी लेखी परवाना घ्यावयाचा, काम संपल्यावर तो परत करावयाचा, आणि हात लावण्यापूर्वी वाहिनी जमिनीस जोडावयाची. संगणकाच्या पेटीत हात घालण्यापूर्वी अंगावरील स्थिर वीज मनगटपट्ट्याने जमिनीस देणारा विद्यार्थी हीच शिस्त लहान प्रमाणावर पाळीत असतो. फरक इतकाच की तेथे प्राण जावयाचा तो कामगाराचा, आणि येथे जावयाचा तो रॅमचा.

१९४२ साली हेच मनोरे निराळ्या कारणाने इतिहासात आले. माथेरानचे भाई कोतवाल, ज्यांनी वकिलीचे शिक्षण घेऊनही आपले जीवन कर्जतच्या शेतकऱ्यांस व आदिवासींस वाहिले होते, आणि शिक्षकांच्या संपाच्या काळात तालुक्यात स्वयंसेवी शाळा चालवून दाखविल्या होत्या, त्यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडण्याचा उपक्रम हाती घेतला. साम्राज्याच्या युद्धसामग्रीस लागणारी गिरण्या-कारखान्यांची वीज कोठून जाते, तिचे नाजूक स्थान कोणते, हे या दस्त्याने अचूक जाणले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. जो देश जाळ्यावर विसंबतो त्याचे जाळे कोणाच्या शेतातून जाते याचा विचार राज्यकर्त्यांस प्रथम त्या साली करावा लागला. आणि ज्याने शाळा काढल्या त्याच माणसाने ते जाळे ओळखावे, याचे मला विशेष वाटते.

स्वातंत्र्यानंतर मिस्त्रीच्या हाताखालची विद्या शासनाने वर्गात आणली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९५६ साली व्यवसायप्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आणि गावोगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या आयटीआयमधून, फिटर, टर्नर, वायरमन, वीजतंत्री यांची परीक्षा घेऊन सनदा देण्यात येऊ लागल्या. याच सुमारास खालापूर तालुक्याचे रूप पालटत होते. रसायनीस १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प आला, खोपोलीस पोलाद, नळ व कागद यांचे कारखाने आले, आणि प्रमाणपत्र हातात असलेल्या तरुणास दारात नोकरी दिसू लागली. सनदेचे एक मोठे उपकारक अंग असे की, पूर्वी मिस्त्रीच्या हाताखाली कोणास घ्यावयाचे हे मिस्त्रीच्या नात्यागोत्यावर व मर्जीवर ठरे. आता दहावी उत्तीर्ण झालेल्या ठाकर वा कातकरी वाडीतल्या मुलासही अर्ज करण्याचा हक्क मिळाला, आणि पुढे राखीव जागांमुळे मुलींसही. हा लाभ लहान नव्हे. सनदेवर टीका करणाऱ्याने तो प्रथम मान्य करावा आणि मग बोलावे.

दुसरीकडे बाजारपेठेत एक अनौपचारिक परंपरा वाढत होती. रेडिओ आला, ट्रान्झिस्टर आला, १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले तशा घाटाखालच्या घरांच्या कौलांवर ॲन्टेना उभ्या राहिल्या, आणि स्टेशनलगतच्या गाळ्यात काविया, सोल्डरची तार व जुन्या संचांचे सांगाडे घेऊन बसलेला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस गावच्या जीवनाचा अपरिहार्य घटक झाला. नव्वदीच्या दशकात त्यांच्यातील काहींनी छपरांवरून कोॲक्स केबल ओढून घरोघर वाहिन्या पुरविल्या; आणि आणखी काही वर्षांनी त्याच छपरांवरून इंटरनेट आले. मुंबईतही ही वंशपरंपरा अशीच दिसते. १९४७ साली रेडिओचे सुटे संच विकणारा जेटकिंग हा उद्योग १९९० साली संगणकाच्या हार्डवेअरचे शिक्षण देऊ लागला, आणि लॅमिंग्टन रोडवरची रेडिओच्या सुट्या भागांची बाजारपेठ संगणकाच्या भागांची पेठ झाली. कर्जत व खोपोली येथील शिकणाऱ्या मुलांस लोकलने दोन-अडीच तास प्रवास करून तेथून मदरबोर्ड व रॅम आणणे हे अनेक वर्षे अभ्यासक्रमातील एक अलिखित प्रात्यक्षिकच होते.

भारतातील संगणकदुरुस्तीच्या इतिहासाचा एक प्रसंग सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक देशातच बांधून १९६० साली कार्यान्वित झाला होता. परंतु कचेऱ्यांतून व गिरण्यांतून चालणारी यंत्रे बहुतांशी आयबीएम कंपनीची, भाड्याने आणलेली, आणि त्यांच्या देखभालीचे ज्ञान त्या कंपनीच्याच माणसांकडे होते. १९७८ साली शासनाच्या धोरणामुळे आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा ती यंत्रे बंद पडतील अशी धास्ती होती. त्या यंत्रांची निगा राखण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. जिच्या नावातच देखभाल होती अशी ही कंपनी पुढे रेल्वेच्या आरक्षणाची संगणकप्रणाली घडविणारी ठरली. १९८६ साली दिल्लीस आणि त्यानंतर मुंबईस ती प्रणाली आली. दुसऱ्याची यंत्रे दुरुस्त करता करता माणसे स्वतःची व्यवस्था रचावयास शिकतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

त्यानंतरचा धोरणांचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ झाली, १९९५ साली सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले, कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच दशकात उभे राहिले, आणि २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यांतील लक्षावधी तरुणांस संगणकासमोर बसविले. हे शेवटचे कार्य फार मोठे. परंतु ते वापराचे शिक्षण होते. पडद्यावर काय करावयाचे हे ज्याने शिकविले त्याने पडदाच काळा पडला तर काय करावयाचे हे शिकविले नाही, आणि तशी त्याची प्रतिज्ञाही नव्हती. ते काम आयटीआयच्या संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीच्या व्यवसायाकडे, खाजगी वर्गांकडे, आणि कॉम्पटियाची ए प्लस किंवा सिस्कोची सीसीएनए यांसारख्या परदेशी प्रमाणपत्रांची तयारी करून घेणाऱ्यांकडे आले.

आता त्या वर्गाकडे वळू. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यापुढे एक जुना, चालू होत नसलेला संगणक ठेवतात. पेटीचे स्क्रू काढले की आत धूळ, कोळ्याचे जाळे, आणि घाटाखालच्या घरातून आलेला असेल तर एखादी वाळलेली पाल. शिक्षक म्हणतात, “आधी एसएमपीएस बघ.” वीजपुरवठ्याच्या त्या पेटीचा जाड जोड मदरबोर्डवरून काढावयाचा, त्यातील हिरवी तार काळ्या तारेस तारेच्या तुकड्याने जोडावयाची, पंखा फिरला तर पेटी जिवंत. मग मल्टिमीटरची टोके लावून बारा, पाच व तीन-पूर्णांक-तीन व्होल्ट मिळतात की नाही ते पाहावयाचे, कारण पंखा फिरूनही दाब कमी असू शकतो. पुढे रॅम. येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चार महिने भिंती ओल्या असतात, आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणाने सूक्ष्म थर चढतो. म्हणून रॅम काढून साध्या खोडरबराने पुसून परत बसविली की अर्धे संगणक जागे होतात. हा उपाय छापील ग्रंथांत क्वचितच सापडतो. तो एका हाताने दुसऱ्या हातास दिलेला आहे. त्यानंतर बीपचे आवाज मोजणे, मदरबोर्डवरील तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलणे, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप काढून नवा लावणे. घरातील अर्थिंग तपासण्याचा धडाही येथेच येतो, आणि तो या भागात प्राणरक्षक आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा मोडेम व संगणकाचे नेटवर्क पोर्ट जळण्याचे प्रकार एका रात्रीत वाडीभर घडतात, आणि अर्थिंग नीट असलेले घर त्यातून पुष्कळदा वाचते.

नेटवर्किंगचा आरंभ तारेपासून. जुन्या पिढीच्या शिक्षकांस कोॲक्स केबलचे जाळे आठवते, ज्यात सर्व संगणक एकाच तारेवर ओवलेले असत व दोन्ही टोकांस पन्नास ओहमचे टर्मिनेटर बसवावे लागत. एक टोक सैल झाले की पंचवीस यंत्रे एकदम मुकी होत. त्या जाळ्याने शिकविलेला संयम आजच्या स्विचच्या काळात दुर्मिळ झाला आहे. आजच्या केबलीत आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, हा क्रम विद्यार्थी पाढ्याप्रमाणे म्हणतात, तारा सरळ करून एका रेषेत कापतात, आरजे-४५ जोडात सारतात आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबतात. पहिले कित्येक जोड वाया जातात. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले की मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो कोणत्याही गुणपत्रिकेने येत नाही. मग शंभर मीटरची मर्यादा, केबल विजेच्या तारेलगत का ओढू नये, उंदीर कोठे कुरतडतात, छतावरची पेटी ओलीपासून कशी राखावी. काचतंतूचा धडा अखेरीस येतो: केसाएवढ्या, सव्वाशे मायक्रॉन जाडीच्या तंतूची दोन टोके काटकोनात कापून स्प्लायसिंग यंत्रात ठेवावयाची, आणि विजेच्या ठिणगीने ती वितळून एकजीव होतात. ज्या वाटेने लोखंडी तार घाट चढली, त्याच वाटेने लोहमार्गालगत आता हा तंतू चढतो.

या शिक्षणास ग्रासणारे दोष मला दोन दिसतात. पहिला संगणकाच्या पडद्यावरील अनुकरणाचा. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरसारख्या साधनांत राउटर व स्विच चित्ररूपाने मांडून सारे जाळे उभारता येते; ज्या गावात पन्नास हजारांचा राउटर वर्गास परवडत नाही तेथे हे साधन अत्यंत मोलाचे, आणि तर्क शिकविण्यास त्याच्यासारखे दुसरे नाही. परंतु चित्रातील केबल कधी सैल बसत नाही, तिला गंज चढत नाही, तिच्यावर नाव घालावयाचे कोणी विसरत नाही. आणि प्रत्यक्ष कचेरीत बिघाड बहुधा याच तीन ठिकाणी असतो. काही प्रश्नसंच पाठ करून परीक्षा उत्तीर्ण झालेला, पण बंद पेटीसमोर पहिला हात कोठे घालावा हे न कळणारा उमेदवार हा या पद्धतीचा परिपाक होय, आणि त्यास दोष देण्याआधी ज्यांनी त्यास उघडे यंत्र दिले नाही त्यांनी स्वतःकडे पाहावे.

दुसरा दोष अधिक खोल, आणि तो दप्तराचा आहे. शासकीय वा अनुदानित संस्थेतील प्रत्येक यंत्र जडवस्तू-संग्रह नोंदवहीत, जिला सर्रास डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, तिच्यात नोंदलेले असते. यंत्र विद्यार्थ्याच्या हातून जळाले तर खुलासा करावा लागतो, हिशेबतपासणीत आक्षेप निघतो, आणि प्रसंगी रक्कम जबाबदार व्यक्तीकडून वसूल होण्याची भीती असते. अशा स्थितीत प्रयोगशाळेचे कुलूप जपून ठेवणारा शिक्षक भ्याड नव्हे. त्यास तसे वागावयास भाग पाडणारी व्यवस्था चुकीची आहे. सुतारकामाच्या वर्गात लाकूड खर्ची पडते आणि त्यास कोणी नुकसान म्हणत नाही, कारण ते कच्चा माल म्हणून नोंदलेले असते. संगणकदुरुस्तीच्या वर्गात मोडके यंत्र हाच कच्चा माल, पण नोंदवहीत त्याचा तसा रकाना नाही. नेरळच्या शेडमध्ये शिकणाऱ्याच्या हातून पाना निसटला तर मिस्त्री रागावे, कदाचित हातही उगारी; पण दुसऱ्या दिवशी तोच पाना पुन्हा त्याच्याच हातात देई.

हा प्रश्न आता केवळ शिक्षणाचा राहिलेला नाही. सात-बारा, जो पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून शाईने लिहून मिळे, तो मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने मिळतो. ग्रामपंचायतीतले दाखले, रेशन, पीकविमा, शाळेची हजेरी ही सारी कामे तारेवर आली आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेले, खांब आडवे झाले, आणि टाळेबंदीच्या त्याच दिवसांत मुले शिक्षणासाठी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विसंबलेली असताना वीज व नेटवर्क दोन्ही गेले. ते पूर्ववत करण्यासाठी जे खांबांवर चढले आणि ज्यांनी घरोघर जळालेले राउटर तपासले, त्यांतील पुष्कळजण याच तालुक्यांतील वर्गांतून व दुकानांतून शिकलेले होते. तालुक्याच्या कचेरीत बंद पडलेल्या संगणकासाठी अलिबाग वा ठाण्याहून माणूस येण्याची वाट पाहणे म्हणजे कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यास एका दाखल्यासाठी चार हेलपाटे घालावयास लावणे होय.

म्हणून एक तजवीज सुचवितो, आणि ती तालुक्याच्या पातळीवरच होण्याजोगी आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या शाळा व पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळा यांमधून दरवर्षी जुने संगणक, प्रिंटर, स्विच व यूपीएस निर्लेखित होतात, आणि निर्लेखनानंतर त्यांची रवानगी लिलावात वा, ई-कचऱ्याच्या नियमांनुसार, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे होते. ही यंत्रे, त्यांतील माहितीच्या तबकड्या आधी रीतसर पुसून, सहा महिने वा वर्षभर तालुक्यातील प्रशिक्षण संस्थांच्या ताब्यात द्यावीत. नोंदवहीत त्यांस किंमत शून्य लावावी, आणि उघडणे, जाळणे, जोडणे या सर्वांची मोकळीक द्यावी. जी दुरुस्त होतील ती वाड्यांवरच्या शाळांस परत द्यावीत, उरलेली मग पुनर्वापरास जावोत. ज्या मुलाने वा मुलीने यंत्र दुरुस्त केले त्याचे नाव, दोष काय होता आणि तो कसा सापडला, एवढ्या तीन गोष्टी त्या यंत्राच्या नोंदीसमोर लिहून ठेवाव्यात. त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. गटशिक्षणाधिकारी, तहसीलदार आणि संस्थेचे प्राचार्य यांच्या सह्या लागतात, आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागतो.